सेट लागूनही पॉट लहानच राहतो: बेटची रक्कम कोणत्या टप्प्यावर चुकते हे कसे शोधावे

लक्षण

नो-लिमिट होल्डेम, म्हणजे बेटच्या रकमेला मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार, नियमितपणे खेळणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते, आणि बराच काळ ती माझीही होती. भक्कम पत्ते हातात असताना डाव जिंकला जातो खरा, पण प्रतिस्पर्ध्याचा बहुतेक स्टॅक, म्हणजे त्याचे खेळातले पैसे, त्याच्यासमोर तसाच शिल्लक राहतो. आणि ज्या डावात आपला ब्लफ (कमजोर पत्त्यांवर लावलेली बेट) पकडला जातो, नेमका त्याच डावातला पॉट (मध्ये जमलेली रक्कम) डोळ्यांत भरण्याइतका मोठा झालेला असतो. नशिबाला बोल लावून हे सुटत नाही, कारण पुरेसे डाव खेळले की चांगले-वाईट पत्ते सगळ्यांनाच सारखे येतात. बेटची रक्कम ठरवताना काहीतरी सातत्याने चुकते आहे, असे समजून तपासणीला लागावे.

या दुखण्याची पंचाईत अशी की ते जिंकलेल्या डावांत लपून बसते. हरलेला डाव आपण चारचारदा उघडून पाहतो आणि त्यात चुका शोधतो. जिंकलेल्या डावाकडे मात्र ‘आला तेवढा पैसा आपला’ म्हणून कोणी वळूनही बघत नाही. म्हणून तपासणीसाठी डाव निवडतानाच पहिली सुधारणा करावी लागते. अलीकडच्या खेळातले असे पाच-सहा डाव बाजूला काढावेत, ज्यांत तुम्ही रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या सामाईक पत्त्यापर्यंत, जाऊन जिंकलात, पत्तेही खरोखर चांगले होते, आणि तरीही सुरुवातीच्या स्टॅकपैकी निम्म्याहून अधिक रक्कम पॉटच्या बाहेरच राहिली.

तुमचे बहुतेक डाव फ्लॉपवरच (पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर), समोरच्याने पत्ते टाकल्यामुळे संपत असतील, तर तुमचा प्रश्न निराळा आहे; तो बहुधा सुरुवातीला कोणते पत्ते खेळायचे या निवडीशी संबंधित असतो आणि पुढील पद्धतीने तो सुटणार नाही.

डाव, जसा खेळला गेला तसा

माझ्या नोंदवहीतला एक डाव इथे पूर्ण देतो. सहा खेळाडूंचा खेळ, माझ्याकडे आणि प्रतिस्पर्ध्याकडे प्रत्येकी १०० बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी मोठी; लहान ती स्मॉल ब्लाइंड). यापुढचे सर्व आकडे बिग ब्लाइंडमध्येच आहेत. मी बटनवर (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळण्याच्या जागेवर) होतो आणि माझ्याकडे इस्पिक अठ्ठी व चौकट अठ्ठी होती. मी २.५ ची रेज केली (रक्कम वाढवली), स्मॉल ब्लाइंडच्या खेळाडूने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडच्या खेळाडूने कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. पॉट ५.५ झाला आणि प्रत्येकाकडे ९७.५ उरले.

फ्लॉपवर बदाम राजा, किलवर अठ्ठी आणि बदाम पंजी उघडली. मला सेट, म्हणजे हातातल्या जोडीला जुळणारा तिसरा पत्ता, लागला होता. त्याने चेक केले (बेट लावली नाही), मी १.८ ची बेट लावली, त्याने कॉल केला, पॉट ९.१. टर्नवर (चौथ्या पत्त्याला) इस्पिक दुर्री आली, मी ३ लावले, पुन्हा कॉल, पॉट १५.१. रिव्हरवर इस्पिक गुलाम आला. आता बोर्डवर (सामाईक पत्त्यांत) ना फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) शक्य होता, ना स्ट्रेट (ओळीतले पाच पत्ते). मी ७.५ लावले, त्याने क्षणभरही न थांबता कॉल केला आणि किलवर राजा व चौकट गुलाम दाखवला. त्याला दोन जोड्या लागल्या होत्या. मी ३०.१ चा पॉट घेतला, आणि त्याच्यापुढे ८५.२ तसेच राहिले.

त्या वेळी मनात पहिला विचार आला तो हा की रिव्हरवर मी घाबरलो, तिथे मोठी बेट लावायला हवी होती. हा निष्कर्ष चुकीचा होता. ज्या टप्प्यावर हळहळ वाटते त्याच टप्प्यावर चूक झालेली असते असे नाही; ती बहुधा एक-दोन टप्पे आधीच होऊन गेलेली असते. पुढची सगळी तपासणी ही चूक कशी दिसून येते हे दाखवण्यासाठी आहे.

समोरचे पत्ते आधी झाका

ऑनलाइन खेळलेल्या डावाची नोंद मजकुराच्या स्वरूपात मिळते. ती एका कोऱ्या पानावर चिकटवून शेवटच्या ओळी, म्हणजे समोरच्याने दाखवलेले पत्ते आणि पॉट कोणाला मिळाला हा भाग, पुसून टाकावा. प्रत्यक्ष टेबलावरचा डाव असेल तर आठवणीवर विसंबू नये. जागा, स्टॅक आणि प्रत्येक टप्प्याचा पॉट डाव संपताच टिपून ठेवावा. आठवणीत पॉट नेहमी मोठा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

पत्ते झाकण्याचे कारण उघड आहे. माझ्या डावात त्याच्याकडे राजा-गुलाम होता हे एकदा कळले की ‘सगळा स्टॅक लावला असता तरी त्याने कॉल केला असता’ हे वाक्य डोक्यातून जात नाही. पण तिथे राजा-दश्शी असती, किंवा सत्तीची जोडी असती, तर? एकाच हातावरून रक्कम ठरवणे म्हणजे कालच्या सोडतीचा आकडा पाहून आजचे तिकीट घेणे.

त्यानंतर प्रत्येक बेटच्या पुढे ती पॉटच्या किती पट होती, एवढेच लिहावे. माझ्या डावात हे प्रमाण अनुक्रमे एक तृतीयांश, एक तृतीयांश आणि निम्मे असे निघाले. हा आकडा लिहिल्याशिवाय काहीच दिसत नाही, कारण खेळताना आपल्याला ‘१.८, मग ३, मग ७.५’ अशी रक्कम वाढत गेल्याचे समाधान वाटत असते, आणि पॉटच्या तुलनेत ती दोन टप्प्यांवर जागच्या जागीच होती हे लक्षातही येत नाही.

पॉट कसा वाढतो

बेटला कॉल मिळाला की पॉटमध्ये त्या बेटच्या दुप्पट रक्कम पडते. म्हणून पॉटच्या एक तृतीयांश बेटने पॉट १.६७ पट होतो, निम्म्या बेटने दुप्पट, पाऊण पॉटच्या बेटने अडीचपट आणि पूर्ण पॉटच्या बेटने तिप्पट. एका टप्प्यावर हा फरक किरकोळ वाटतो. तीन टप्पे झाले की त्याचा गुणाकार होतो. तिन्ही टप्प्यांवर एक तृतीयांश लावल्यास सुरुवातीचा पॉट ४.६ पट होतो, निम्मे लावल्यास ८ पट, पाऊण लावल्यास १५.६ पट आणि पूर्ण पॉट लावल्यास २७ पट.

माझ्या डावात फ्लॉपवर पॉट ५.५ होता. तिन्ही वेळा पाऊण पॉट लावून कॉल मिळाले असते तर शेवटी पॉट ८५ च्या वर गेला असता; प्रत्यक्षात तो ३० वर थांबला. रिव्हरवर मी कितीही शूर झालो असतो तरी १५.१ च्या पॉटमध्ये शिल्लक ९२.७ लावणे म्हणजे पॉटच्या सहापट बेट, आणि ती बघून भलेभले पत्ते टाकतात.

पूर्ण स्टॅक रिव्हरपर्यंत पॉटमध्ये जावा अशी इच्छा असेल, तर प्रत्येक टप्प्यावर समान प्रमाण किती लागेल हे काढण्याची साधी रीत आहे. पॉटमध्ये दोघांचे स्टॅक मिळवावेत, त्या बेरजेला सध्याच्या पॉटने भागावे, उरलेल्या टप्प्यांइतके मूळ काढावे, त्यातून एक वजा करावा आणि निम्मे करावे. माझ्या डावात बेरीज २००.५, भागाकार ३६.४५, त्याचे घनमूळ सुमारे ३.३२, म्हणून प्रमाण पॉटच्या ११६ टक्के. फ्लॉपवर १.८ लावून झाल्यानंतर, दोनच टप्पे उरले असताना, हेच प्रमाण १८५ टक्क्यांवर जाते. फ्लॉपवरची एक लहान बेट पुढच्या प्रत्येक टप्प्याची किंमत किती चढवते, ते या दोन आकड्यांत दिसते. प्रत्येक सेटला ११६ टक्केच लावावेत असा याचा अर्थ नाही. पण आपण किती मागे पडत चाललो आहोत हे तरी ठाऊक असावे.

फ्लॉपच्या आधीच री-रेज (रेजवर पुन्हा रेज) झालेल्या डावात चित्र पालटते. पॉट २० आणि स्टॅक प्रत्येकी ९० असतील तर तीन टप्प्यांत सगळा स्टॅक जाण्यासाठी पॉटच्या फक्त ५८ टक्के बेट पुरेशी होते. ‘माझी बेट नेहमी पाऊण पॉट’ असा एकच ठराव सगळ्या डावांना लावणाऱ्याची गोची इथे होते: एका प्रकारच्या डावात तो मागे पडतो, दुसऱ्यात रिव्हरवर पाऊण पॉट लावण्याइतका स्टॅकच उरत नाही.

यादी आधी, आकडा नंतर

खरी तपासणी इथून सुरू होते. बेट लावण्याच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याकडे कोणते पत्ते असू शकतात ते लिहावे, त्यांचे कॉम्बो, म्हणजे तो हात किती वेगवेगळ्या पत्त्यांनी बनू शकतो ते, मोजावेत, आणि मगच रकमांकडे वळावे. आपल्यापैकी बहुतेक जण नेमके उलटे करतो. हातात सेट आला की ‘त्याला घालवायचे नाही’ म्हणून लहान लावतो, आणि एकच जोडी असली की ‘आत्ताच संपवू’ म्हणून मोठी लावतो. दोन्ही वेळा रक्कम आपल्या पत्त्यांकडे आणि आपल्या भीतीकडे बघून ठरते, तर ती देणारा माणूस समोर बसलेला असतो.

माझ्या डावातला टर्न घेऊ. बोर्डवर राजा, अठ्ठी, पंजी, दुर्री. त्याच्याकडे राजा असलेले हात कोणते? राजा-राणी, राजा-गुलाम आणि राजा-दश्शी धरू. बोर्डवर एक राजा असल्याने उरले तीन; प्रत्येक जोडीचे ३ गुणिले ४, म्हणजे १२ कॉम्बो, एकूण ३६. दुसरा गट ड्रॉचा, म्हणजे पूर्ण व्हायला अजून एक पत्ता हव्या असलेल्या हातांचा: दोन बदाम असलेले हात आणि सत्ती-छक्की, हे ३० धरू. तिसरा गट अशक्त जोड्यांचा, जे लहान बेटला कॉल करतात पण मोठीला टाकतात: एक्का-पंजीचे १२, छक्की, सत्ती व नव्वीच्या जोड्यांचे मिळून १८, आणि एक्का-अठ्ठीचे फक्त ४.

हे शेवटचे ४ बघा. सामान्यतः मधल्या जोडीचे हात समोरच्याच्या रेंजमध्ये (शक्य हातांच्या यादीत) भरपूर असतात आणि लहान बेट त्यांच्यासाठीच लावली जाते. इथे मात्र चारपैकी दोन अठ्ठ्या माझ्या हातात आणि एक बोर्डवर होती. ज्या गिऱ्हाइकासाठी मी स्वस्त माल मांडला होता, ते गिऱ्हाईकच मी स्वतः अडवून बसलो होतो.

यादीत एकूण १०० कॉम्बो झाले. ३ ची बेट सगळे कॉल करतील असे उदारपणे मानले तर जमेस ३०० येतात. पाऊण पॉट, म्हणजे ६.८ लावले आणि तिसरा गट पूर्णपणे निघून गेला, तर ६६ कॉम्बो कॉल करतात आणि जमेस सुमारे ४४९ येतात. उलट बाजूनेही तपासावे: ६.८ ची बेट ३ च्या बेटइतकी फळण्यासाठी १०० पैकी ४४ जणांनीच कॉल करायला हवा. राजा असलेले ३६ तर जवळपास सगळेच थांबतात, म्हणजे ड्रॉपैकी आठ-दहा जरी थांबले तरी काम झाले. हा हिशेब ढोबळ आहे. समोरून होणाऱ्या रेज आणि ड्रॉ लागण्याची शक्यता त्यात धरलेली नाही. पण ३०० आणि ४४९ यांच्यातले अंतर एवढे आहे की बारीकसारीक दुरुस्त्यांनी उत्तर बदलत नाही.

ड्रॉचा हिशेब मात्र स्वतंत्रपणे करण्याजोगा आहे. दोन बदाम धरून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला ४६ न दिसलेल्या पत्त्यांपैकी ९ उपयोगी वाटतात, म्हणजे १९.६ टक्के. एक तृतीयांश पॉटच्या बेटला कॉल करण्यासाठी त्याला २० टक्के शक्यता लागते. म्हणजे माझ्या ३ च्या बेटने मी त्याला जवळजवळ खर्चाच्या भावात पत्ता विकला, आणि रिव्हरवर लागल्यास वर मिळणारी रक्कम वेगळीच. पाऊण पॉटच्या बेटला ३० टक्के लागतात. तिथे त्याचा कॉल तोट्याचा होतो. शिवाय त्याला माहीत नसलेली गोष्ट ही की ते नऊही बदाम त्याचे नव्हते: बदाम दुर्रीने मला फुल हाउस (एकाच दर्जाचे तीन पत्ते आणि एक जोडी) मिळाले असते आणि बदाम अठ्ठीने चार अठ्ठ्या. तो सात पत्त्यांसाठी नऊ पत्त्यांची किंमत मोजायला तयार होता, आणि मी ती मागितलीच नाही.

मग रिव्हरचे काय

गुलाम आल्यावर राजा-गुलामचे कॉम्बो १२ वरून ९ झाले, म्हणून राजा असलेले ३३. ड्रॉ चुकले आणि बाहेर पडले. गुलामामुळे ज्यांना जोडी लागली तेवढे बाजूला ठेवू. तिसऱ्या गटाचे ३४ अजून खेळात आहेत असे धरले, आणि ७.५ च्या बेटला या सगळ्यांनी कॉल केला असे मानले, तर ६७ गुणिले ७.५, म्हणजे ५०२ येतात. पूर्ण पॉट, १५ लावले आणि फक्त राजा असलेल्यांनी कॉल केला, तर ३३ गुणिले १५, म्हणजे ४९५. जवळजवळ बरोबरी! अशक्त जोड्यांपैकी निम्म्यांनीच कॉल केला असे म्हटले तर मोठी बेट पुढे जाते, पण तरीही हा फरक टर्नवरच्या फरकापेक्षा कमीच राहतो, आणि तो माझ्या एका अंदाजावर टांगलेला आहे. टर्नवर अंदाज मुद्दाम माझ्या लहान बेटच्या बाजूने झुकवले होते, तरी ती हरली.

ज्या बेटबद्दल मी दोन दिवस हळहळत होतो ती उदार हिशेबाने ठीकठाक निघाली, आणि जिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते त्या टर्नवर मी दीडपट उत्पन्न सोडून दिले होते. फ्लॉपबद्दल मी एवढे ठाम बोलणार नाही. राजा-अठ्ठी-पंजी, दोन बदाम, अशा ओल्या (ड्रॉ भरपूर असलेल्या) बोर्डवर मी आज मोठी बेट लावेन. पण बटनवरून आपल्या रेंजमधले बरेच हात घेऊन लहान बेट लावणारेही चांगले खेळाडू आहेत आणि त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. तिथे लहान लावली तर टर्नवर ती भरून काढायची, एवढे मात्र बंधन येते.

रिव्हरवर रकमांची तुलना करताना एक सूत्र पाठ असावे: लहान रकमेला जितके कॉल मिळतील त्यांना लहान रकमेने गुणावे आणि मोठ्या रकमेने भागावे, मोठ्या बेटला किमान तेवढे कॉल हवेत. इथे ३० च्या, म्हणजे पॉटच्या दुप्पट बेटला ६७ पैकी १७ कॉल पुरेसे होते. राजा-गुलामचे ९ धरले तर राजा-राणीमधून आणखी ८ हवेत. समोरचा माणूस एका जोडीने पत्ते न टाकणारा असेल तर दुप्पट बेट योग्य, सावध असेल तर नाही. प्रतिस्पर्ध्याची ओळख उपयोगी पडते ती अशा ठिकाणी, एका विशिष्ट आकड्याशी जोडून. ‘तो फार कॉल करतो’ एवढ्या मोघम शेऱ्याने काही हाती लागत नाही.

ब्लफची बाजू

तक्रारीचा दुसरा भाग, ब्लफमध्ये पैसे जास्त जाणे, याचे मूळही तेच आहे. यादी न करता रक्कम ठरवली की हातात काही नसताना माणूस आवाज चढवतो.

समजा रिव्हरवर पॉट २० आहे, बोर्डवर एक्का आहे, आणि तुमचा ड्रॉ चुकला आहे. प्रतिस्पर्ध्याचे ४० कॉम्बो मोजले. त्यांतले २२ एक्का नसलेल्या जोड्या आणि १८ एक्के. पूर्ण पॉटच्या ब्लफला किमान निम्म्या वेळा फोल्ड (समोरच्याने पत्ते टाकणे) मिळायला हवेत, अर्ध्या पॉटच्या ब्लफला एक तृतीयांश वेळा. १० लावल्यावर ते २२ निघून गेले तर ५५ टक्के वेळा २० मिळतात, ४५ टक्के वेळा १० जातात, सरासरी ६.५ चा फायदा. २० लावले आणि तेच २२ निघून गेले, तर सरासरी फक्त २ उरतात. मोठ्या बेटने लहान बेटला गाठण्यासाठी १८ पैकी किमान ५ एक्के टाकायला लावले पाहिजेत. असे ५ दुबळे एक्के यादीत बोट ठेवून दाखवता येत असतील तर २० लावावेत. येत नसतील तर जास्तीचे १० हे केवळ स्वतःच्या धिटाईवरचा खर्च आहेत.

दोन रकाने

एकेक डाव सुधारत बसण्यापूर्वी किंवा सोबतच, एक चाचणी करून घ्यावी. रिव्हरवर तुम्ही लावलेल्या अलीकडच्या तीसेक बेट काढा. एका रकान्यात बेट पॉटच्या किती टक्के होती ते लिहा, दुसऱ्यात ती चांगल्या पत्त्यांवर होती की ब्लफ होती ते. मग पहिल्या रकान्यानुसार क्रम लावा. माझ्या बाबतीत चांगल्या पत्त्यांच्या बेट वरच्या अर्ध्यात, म्हणजे ४० ते ६० टक्क्यांत दाटीवाटीने बसल्या होत्या आणि ब्लफ जवळजवळ सगळे तळाशी, ८० च्या पुढे. कागद हातात घेऊन मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्याशी रोज खेळणाऱ्या कोणालाही माझे पत्ते बघायची गरज नव्हती. रक्कम बघितली की पुरत होते.

अशी विभागणी दिसली तर उपाय एकच: एकाच बोर्डवर, एकाच क्रमाने खेळलेल्या डावात चांगल्या पत्त्यांची आणि ब्लफची रक्कम सारखी ठेवणे. आधीच्या दोन उदाहरणांत मी एकदा मोठी आणि एकदा लहान बेट सुचवली, ती बोर्ड आणि समोरची रेंज वेगळी होती म्हणून. प्रमाणाचा अंदाजही ठेवावा. पूर्ण पॉटच्या बेटला कॉल करणाऱ्याला ३३.३ टक्के विजय लागतात, म्हणून तिथे दोन चांगल्या हातांमागे एक ब्लफ. अर्ध्या पॉटच्या बेटला २५ टक्के लागतात, म्हणून तीनामागे एक. नेहमीच्या टेबलावर हे प्रमाण काटेकोर पाळण्याची गरज क्वचितच पडते, पण तुमचा कागद तीन ब्लफमागे एक चांगला हात असे दाखवत असेल तर पकडले जाणे हा अपघात नव्हता.

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी एक किरकोळ वाटणारे कारणही तपासावे. पडद्यावर ‘अर्धा पॉट’, ‘पाऊण पॉट’, ‘पॉट’ अशी तयार बटणे असतात आणि बोट सवयीने एकाच बटणावर जाते. मी ती बटणे सेटिंगमध्ये जाऊन बदलली आणि ३३, ७५ व १२५ टक्के ठेवली. निदान पर्याय डोळ्यांसमोर राहतो.

सॉल्व्हर वापरत असाल तर

सॉल्व्हर म्हणजे योग्य खेळी मोजून काढणारा प्रोग्राम; त्याला दिलेल्या रेंज चुकीच्या असतील तर त्याचे उत्तर तंतोतंत आणि निरुपयोगी असते. त्यामुळे हाताने केलेली यादी त्याआधी हवीच. दुसरे, प्रत्येक टप्प्यावर पाच-सहा रकमा न देता दोनच द्याव्यात, आणि त्या दोन रकमांमधला फायद्याचा फरक बघावा. तो पॉटच्या एक टक्क्याहून कमी असेल तर तो डाव तिथेच सोडून पुढच्या डावाकडे जावे. बेटच्या रकमेचे अनेक प्रश्न खरोखर बरोबरीचे असतात, आणि त्यांवर संध्याकाळ घालवल्याने टर्नवरची खरी गळती बुजत नाही.

रकमांचा अभ्यास किती दूर नेता येतो याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठात तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तयार केलेल्या लिब्राटस या प्रोग्रामने हेड्स-अप (दोघांतल्या) नो-लिमिट होल्डेमच्या १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. पॉटहून मोठ्या बेट तो बिनदिक्कत लावत असे, हे त्या वेळी बहुतेकांच्या लक्षात राहिले. मला त्याची दुसरी सवय जास्त महत्त्वाची वाटते: दिवसभरात प्रतिस्पर्ध्यांनी ज्या रकमा वारंवार वापरल्या आणि ज्या त्याच्या तयारीत बसत नव्हत्या, त्यांतल्या महत्त्वाच्या निवडून रात्री त्यांचीच उत्तरे तो मोजून ठेवी. सगळा खेळ पुन्हा शिकायला तो बसत नसे.

सुधारणा झाली की नाही, हे कसे ओळखावे

पुढच्या आठवड्यातली जिंक-हार इथे उपयोगाची नाही. तेवढ्या डावांत काहीही घडू शकते. त्याऐवजी ज्या डावांत टर्नपर्यंत तुमच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून भक्कम काही होते, त्या प्रत्येक डावात रिव्हर उघडताना शिल्लक स्टॅक पॉटच्या किती पट होता, एवढा एकच आकडा नोंदवत जावे. माझ्या जुन्या डावात तो सहाच्या वर होता. तिथेच दोन्ही टप्प्यांवर पाऊण पॉट लावला असता तर ३४ च्या पॉटसमोर ८३ उरले असते, म्हणजे साधारण अडीच. समान स्टॅकच्या, साध्या रेजने सुरू झालेल्या डावांत हा आकडा तीनच्या खाली येऊ लागला की फ्लॉप आणि टर्नवरची दुरुस्ती अंगवळणी पडते आहे असे समजावे.

तिघे-चौघे पॉटमध्ये असलेले डाव आणि प्रतिस्पर्ध्याकडे ३०-४० ब्लाइंडच असलेले डाव या नोंदीत मिसळू नयेत. तिथे हा आकडा आपोआप लहान येतो आणि फुकटचे समाधान देतो.

महिनाभर नोंद ठेवूनही आकडा खाली येत नसेल, तर रकमेच्या विचारात चूक नसून पॉट मोजण्यातच चूक होत असण्याची शक्यता मोठी आहे. विशेषतः प्रत्यक्ष टेबलावर, स्मॉल ब्लाइंडने टाकलेली रक्कम आणि समोरच्याचा नुकताच झालेला कॉल न धरता बेट लावण्याची सवय अनेकांना असते. वरच्याच डावात टर्नवर त्याचे १.८ आणि स्मॉल ब्लाइंडचे अर्धे विसरून पाहा: ९.१ च्या जागी ६.८ चा पॉट डोक्यात राहतो, आणि पाऊण पॉट म्हणून लावलेली ५.१ ची बेट खरे तर ५६ टक्क्यांचीच असते.